थांबायला शिकलेला माग
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दरूप)

स्वयंचलित यंत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चटकन यंत्रमानव उभा राहतो. लांब पोलादी हात, उडणाऱ्या ठिणग्या आणि आसपास माणूस म्हणून नाही. मोटारींच्या जाहिरातींनी हे चित्र आपल्या मनात पक्के करून टाकले आहे. मला मात्र हा विषय दिला गेला तेव्हा आधी आठवला तो माग. कापड विणणारा साधा माग. याचे एक कारण घरगुती आहे. माझे लहानपण इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात गेले. अब्बा जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग लावून देणारे कारागीर, आणि अम्मी कांड्या भरायची. पण दुसरे कारण इतिहासाचे आहे आणि ते जास्त वजनदार आहे. यंत्राला करायचे काम आधीच लिहून देणे आणि काही चुकले तर यंत्राने स्वतःहून थांबणे, ही आजच्या सगळ्या स्वयंचलनाची दोन मुळे. ही दोन्ही मुळे मागातच रुजली आहेत.

विणणे म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. उभे धागे तो ताणा, आडवा धागा तो बाणा. ताण्यातले काही धागे वर उचलायचे, बाकीचे खाली ठेवायचे, मधल्या फटीतून बाणा पलीकडे न्यायचा आणि फणीने ठोकून घट्ट बसवायचा. मग वरचे धागे खाली, खालचे वर. बस्स, एवढेच. कबीर हेच करीत होता आणि आज जपानहून आलेला लाखो रुपयांचा मागही हेच करतो. बाणा वाहून नेणारी होडीच्या आकाराची लाकडी वस्तू म्हणजे धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवलेली असते. इंग्लंडमध्ये १७३३ साली जॉन के याने दोरीच्या हिसक्याने धोटा इकडून तिकडे फेकण्याची युक्ती काढली. १७८५ साली एडमंड कार्टराइट नावाच्या एका पाद्र्याने माग शक्तीवर चालवायचा घाट घातला. आमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला तो विठ्ठलराव दातार यांनी, १९०४ साली. त्यानंतर गावाचा आवाजच बदलला. इचलकरंजीचा माणूस परगावी गेला की पहिल्या रात्री त्याला झोप येत नाही, कारण तिथे शांतता असते.

या यंत्रमागाला हात मिळाले, पाय मिळाले, बळ मिळाले. डोळे मात्र मिळाले नाहीत. बाणा तुटला तर माग थांबवणारा एक छोटा काटा बहुतेक साध्या मागांना असतो. पण ताण्याचा धागा तुटला तर मागाला त्याचा पत्ताच नसतो. तो आपला ठोकत राहतो. आता जरा हिशेब करा. ४८ इंची कापडात इंचाला ६० धागे धरले, तरी ताण्यात २,८८० धागे होतात. मिनिटाला १२० वेळा धोटा जातो. इंचात ५२ आडवे धागे, म्हणजे आमच्या भाषेत ५२ पिक, धरले तर मिनिटाला सव्वादोन इंचांच्या वर कापड तयार होते. या २,८८० धाग्यांतला एक धागा तुटला आणि पाच मिनिटे कुणाच्या लक्षात आले नाही, तर जवळजवळ फूटभर कापडात एक उभी चीर दिसत राहते. तुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत गुंतला तर मग जाळेच होते. हे होऊ नये म्हणून एक माणूस उभा ठेवायचा आणि त्याच्या डोळ्यांना मागाचे डोळे करायचे. एका माणसाकडे चार माग, कुठे सहा, कुठे आठ. बारा तासांच्या पाळीत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालतो, आणि त्याचे खरे काम हातांचे नसून नजरेचे असते. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास. त्यात दोन माणसे बोलतात ती ओठांच्या हालचालीवर आणि बोटांच्या खुणांवर. मागावर आयुष्य घालवलेली माणसे उतारवयात घरीही ओरडून बोलतात. बायकामुलांना वाटते, चिडलेत. चिडलेले नसतात, त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसतो.

यंत्राला डोळे देण्याचे काम जपानमध्ये एका सुताराच्या मुलाने केले. त्याचे नाव साकिची तोयोदा, जन्म १८६७ चा. आईला हातमागावर राबताना पाहून त्याला माग सुधारायचा ध्यास लागला, असे त्याच्या घराण्यात सांगतात. १८९० साली त्याने लाकडी हातमाग सुधारला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे तो या एकाच गोष्टीच्या मागे लागला. १९२४ साली त्याचा ‘जी’ नावाचा स्वयंचलित माग तयार झाला. त्यात धोट्यातले सूत संपत आले की माग न थांबता धोटा आपोआप बदलला जाई. आणि धागा तुटला की माग जागच्या जागी थांबे.

हे कसे होते, ते अगदी सोपे आहे आणि म्हणूनच मला ते फार आवडते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ, हलकी धातूची पट्टी अडकवायची. आमच्याकडे तिला ड्रॉप पिन म्हणतात. धाग्याला ताण आहे तोवर ती वर अधांतरी राहते. धागा तुटला की तिचा आधार जातो आणि ती खाली पडते. ती पडली की खालचा दांडा अडतो किंवा विजेचे मंडल पूर्ण होते आणि माग बंद होतो. बाकी काही नाही. आज आपण ‘सेन्सर’ हा शब्द येता-जाता वापरतो. मोबाइलमध्ये सेन्सर, गाडीत सेन्सर, लिफ्टच्या दारात सेन्सर. सेन्सर म्हणजे काय, असे शाळेतल्या मुलाने विचारले तर मी त्याला ही पट्टी दाखवीन. जगात काहीतरी घडले, ते एका वस्तूला जाणवले, तिने ते दुसऱ्या वस्तूला कळवले आणि तिसरीने त्यावर कृती केली. जाणणारा, ठरवणारा आणि करणारा. आजचा सर्वांत महागडा कारखाना उघडून पाहिला तरी आत याच तिघांची गर्दी असते.

या मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने घेतले. ज्या देशाने जगाला यंत्रमाग दिला, त्या देशातल्या नामांकित कंपनीने जपानी माणसाकडून मागाचे हक्क विकत घ्यावेत, ही त्या काळात केवढी गोष्ट असेल! साकिची १९३० साली वारला. मुलगा किइचिरो याला मोटारींचा नाद होता. मागाच्या त्या पैशातून मोटारींच्या प्रयोगांना बळ मिळाले असे सांगतात. १९३७ साली त्या प्रयोगांतून वेगळी कंपनी निघाली. तिचे नाव टोयोटा. रस्त्यावर धावणाऱ्या त्या गाड्यांचे गोत्र असे विणकराचे आहे.

ताइची ओनो नावाचा एक तरुण १९३२ साली तोयोदांच्या सूतगिरणीत नोकरीला लागला आणि १९४३ साली मोटारीच्या कारखान्यात आला. येताना त्याने मागाची ती शिकवण बरोबर आणली. माग धागा तुटल्यावर थांबतो, तर मोटारींची रांग का थांबू नये? तिथे रांगेच्या कडेने एक दोरी असते. काम करणाऱ्या कुणालाही काही चुकीचे दिसले, एखादा भाग नीट बसत नाही असे वाटले, की त्याने दोरी ओढायची. दिवा लागतो, गटाचा प्रमुख धावत येतो. ठरलेल्या वेळात दोष निघाला तर ठीक, नाही तर रांग थांबते. चुकीची वस्तू शंभर वेळा बनवून नंतर शंभर वेळा दुरुस्त करण्यापेक्षा पहिल्याच चुकीला थांबावे, असा त्यामागचा विचार.

या विचाराला जपानीत ‘जिदोका’ म्हणतात आणि इथे माझ्यासारख्या शब्दांत रमणाऱ्या माणसाची चंगळ आहे. जपानीत स्वयंचलनाला एरवीही जिदोकाच म्हणतात. पण लिहिताना त्यात एक चित्राक्षर येते, त्याचा अर्थ हालचाल. टोयोटावाले त्या जागी दुसरे अक्षर लिहितात. उच्चार तोच राहतो, पण अक्षराच्या डाव्या बाजूला माणसाची खूण येते आणि अर्थ ‘हालचाल’ न राहता ‘काम’ असा होतो. नुसते हलणारे यंत्र वेगळे आणि काम करणारे यंत्र वेगळे. कानाला फरक कळत नाही, तो कागदावरच दिसतो.

आता आपल्या शेडमध्ये या. आमच्याकडे विणकराची मजुरी पिकावर ठरते. ५२ पिकाच्या मीटरला अमुक पैसे, असा दर असतो. म्हणजे माग चालला तर मजुरी, थांबला तर नाही. धागा तुटला, माग बंद केला, धागा शोधला, वहीतून आणि फणीतून ओवून घेतला, गाठ मारली आणि माग पुन्हा चालू केला. तेवढ्या वेळाचे पैसे विणकराला मिळत नाहीत. वीज गेली तर तोही वेळ त्याचाच. सूत हलक्या प्रतीचे आणले मालकाने, ते वारंवार तुटते, आणि भुर्दंड मात्र विणकराला. कापडात दोष निघाला तर त्याचीही कपात. थांबलो तर मजुरी बुडते, न थांबलो तर दंड बसतो. स्वयंचलन हा मला जितका यंत्राचा प्रश्न वाटतो, तितकाच तो थांबण्याची किंमत कोण भरतो याचाही वाटतो. तोयोदाच्या मागाने ती किंमत यंत्राच्या खात्यात टाकली. आमच्या शेडमध्ये ती माणसाच्या खात्यात राहिली.

दुसऱ्या मुळाकडे वळू. यंत्राला काम लिहून देणे. फ्रान्समधल्या लिआँ या रेशमाच्या शहरात जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ साली नक्षी विणणारा माग सिद्ध केला. त्याच्या आधीही त्या शहरात सच्छिद्र कागदाचे प्रयोग झाले होते. जकार्डने ते नीट मार्गी लावले. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोऱ्याने एकमेकींना जोडून त्यांची माळ करायची. एका आडव्या धाग्यासाठी एक पट्टी. पट्टीत जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जाईल, भोक नसेल तिथला खालीच राहील. भोक म्हणजे हो, भोक नाही म्हणजे नाही. हो आणि नाही यांच्या माळेतून फूल उमलते, मोर उभा राहतो. १८३९ साली याच पद्धतीने रेशमात खुद्द जकार्डचे चित्र विणले गेले. त्याला सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या. दुरून पाहणाऱ्याला ते छापील चित्रच वाटे. येवल्याला पैठणीच्या मागावरही जकार्डची ही पट्ट्यांची माळ वर टांगलेली दिसते. पुढच्या वेळी येवल्याला गेलात तर साडीबरोबर मान वर करून तिच्याकडेही पाहा.

ते रेशमी चित्र लंडनच्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने आपल्या दिवाणखान्यात लावले होते. गणिते करणाऱ्या यंत्राचा त्याचा आराखडा होता आणि त्या यंत्राला हुकूम द्यायला त्याने जकार्डच्याच पट्ट्या योजल्या. यंत्र पुरे झाले नाही, पण १८४३ साली एडा लव्हलेस या बाईने त्या यंत्रावर सविस्तर टिपणे लिहिली. त्यांत तिने मागाची आणि या यंत्राची तुलना केली आहे. एक फुलापानांची नक्षी विणतो, दुसरे बीजगणिताची. संगणकाच्या आज्ञावलीचा इतिहास लिहिणारे या टिपणांना मोठा मान देतात.

ही एडा म्हणजे कवी लॉर्ड बायरनची मुलगी. ती महिनाभराची असतानाच आईबाप वेगळे झाले आणि बापाशी तिचा संबंध राहिला नाही. या बापाने ती जन्मण्याच्या आधी, २७ फेब्रुवारी १८१२ रोजी, लॉर्डांच्या सभागृहात आपले पहिले भाषण केले होते. विषय होता यंत्रे फोडणाऱ्या कामगारांचा. नॉटिंगहॅमशायरमधल्या मोजे विणणाऱ्या कारागिरांनी १८११ पासून विणयंत्रे फोडायला सुरुवात केली होती आणि यंत्र फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा सभागृहापुढे आला होता. बायरन कामगारांच्या बाजूने बोलला. कायदा व्हायचा तो झालाच. बाप यंत्रामुळे उपाशी राहणाऱ्यांसाठी बोलला आणि मुलीने यंत्राची भाषा लिहिली. एकाच घरात या दोन गोष्टी घडल्या, आणि मला त्यांत विरोध दिसत नाही.

कारण हे कारागीर यंत्राचे वैरी होते, हा समज फारसा खरा नाही. विणयंत्र त्यांच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या होतेच. त्यांचा राग होता तो रुंद यंत्रावर हलका माल काढून, तो कापून शिवून बाजार बिघडवणाऱ्या आणि मजुरी पाडणाऱ्या मालकांवर. सगळी यंत्रे त्यांनी फोडली नाहीत. काही शेडमधली फोडली, शेजारची तशीच सोडली. लिआँमध्ये १८३१ साली रेशीम विणकर रस्त्यावर उतरले, तेही जकार्ड मागासाठी नव्हे. विणकामाचा किमान दर ठरला होता आणि व्यापारी तो पाळायला तयार नव्हते, म्हणून. पुन्हा पिकाचाच भाव!

माग सोडून जरा मोटारींकडे जाऊ. यंत्रमानव तिथेच कामाला लागला. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० साली लिहिलेल्या नाटकातून आला. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. आपल्याकडे वेठबिगार म्हणतात तीच. प्रत्यक्षातला पहिला औद्योगिक यंत्रमानव १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसला. साच्यातून निघालेले तप्त ओतीव भाग उचलून ठेवण्याची वेठ त्याच्या वाट्याला आली. त्याचे नाव युनिमेट.

पण माझ्या मते त्याहून मोठी क्रांती केली ती एका दिसायला अगदी साध्या पेटीने. त्या काळी कारखान्यातली यंत्रे नियंत्रित करायला विजेच्या रिलेंनी भरलेली कपाटेच्या कपाटे असत. गाडीचे नवे मॉडेल निघाले की ती कपाटे उघडायची, शेकडो तारा सोडायच्या आणि नव्याने जोडायच्या. डिक मॉर्ली नावाच्या अभियंत्याने १ जानेवारी १९६८ रोजी, लोक नव्या वर्षाच्या जागरणातून उठत असताना, यावर तोड म्हणून एका नियंत्रकाचा आराखडा कागदावर उतरवला. तारा बदलायच्या नाहीत. आत लिहिलेली आज्ञावली बदलायची. पुढच्या वर्षी तो नियंत्रक तयार झाला. त्यांच्या संस्थेचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून त्याचे नाव मोडिकॉन ०८४. याच जातीच्या पेटीला आज पीएलसी म्हणतात. बाटलीत दूध भरणारे यंत्र असो की साखर कारखान्याचे बॉयलर घर, आत कुठेतरी ती पेटी असतेच. जकार्डने पट्ट्यांची माळ बदलली की नक्षी बदलायची. मॉर्लीने तेच कारखान्याला करून दाखवले.

पुढचे टप्पे आपण बातम्यांत वाचतो. यंत्रमानवाला आधी पिंजऱ्यात ठेवावे लागे, कारण समोर माणूस आहे हे त्याला कळत नसे. २००८ साली डेन्मार्कमधल्या कंपनीने हलका, धक्का लागताच थांबणारा यंत्रहात बाजारात आणला. पुन्हा पाहा, थांबणाराच! असे हात चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० पासून कामगारांच्या शेजारी काम करू लागले. २०११ साली जर्मनीत हॅनोव्हरच्या जत्रेत ‘उद्योग ४.०’ हा शब्दप्रयोग पुढे आला आणि परिसंवादांना नवा विषय मिळाला. यंत्रांनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायचे, आपण कधी बिघडणार ते आधीच सांगायचे, वगैरे.

यातले बिघाड आधी सांगण्याचे प्रकरण मला जवळचे वाटते. बेअरिंग झिजू लागले की त्याची थरथर बदलते. आता यंत्राला चिकटवलेले छोटे उपकरण ती थरथर सतत मोजते, संगणक तिची जुन्या नोंदींशी तुलना करतो आणि अमुक दिवसांत हे बेअरिंग जाईल असे कळवतो. अब्बा चालत्या मागाच्या अंगाला पेचकसाचे टोक लावीत, मूठ कानाला टेकवीत आणि डोळे मिटून घेत. डोळे उघडले की सांगत, “हे उद्यापर्यंत चालेल, परवा नाही.” बहुतेक जॉबर हेच करीत. त्यांच्या त्या कानाची किंमत कुठल्या वहीत लिहिली गेली नाही. उपकरणाची किंमत मात्र पावतीवर छापून येते. असो.

आता आजचा एअरजेट माग पाहू. यात धोटा नाही. बाण्याचा धागा हवेच्या झोताने फेकला जातो. पहिला झोत धागा सोडतो, वाटेतले छोटे झोत त्याला पुढे ढकलत नेतात. पलीकडच्या टोकाला प्रकाशाचा सेन्सर धागा पोचला का ते पाहतो. मिनिटाला सहाशे, आठशे, कधी त्याहून अधिक वेळा. नाही पोचला तर माग थांबतो; काही मागांत तो चुकलेला धागा यंत्र स्वतःच काढून टाकते आणि पुन्हा सुरू होते. कापडावर कॅमेरा ठेवून दोष शोधण्याची व्यवस्थाही आता आहे. हजारो चांगल्या-वाईट कापडांची छायाचित्रे दाखवून संगणकाला शिकवायचे, मग तो डाग आणि चीर ओळखतो. मागावर रंगीत दिव्यांचा खांब असतो. ताणा तुटला तर एक रंग, बाणा तुटला तर दुसरा. कामगार दिव्याकडे पाहून चालतो. त्याला चारऐवजी कितीतरी अधिक माग सांभाळता येतात. साकिची तोयोदाच्या घराण्याची टोयोटा इंडस्ट्रीज ही कंपनी आजही असे माग बनवते आणि आपल्याकडच्या शेडमध्ये ते चालतात.

हा माग आला की कुणाचे काम जाते? सगळे जण विणकराचे नाव घेतात. माझे उत्तर वेगळे आहे. पहिले काम जाते ते कांडीवालीचे. धोट्यात बसण्यासाठी सूत छोट्या कांडीवर गुंडाळावे लागते. धोटा गेला की कांडीही गेली. नवा माग सूत थेट मोठ्या कोनावरून घेतो. कांड्या भरण्याचे काम आमच्याकडे बहुतांशी बायकांचे. अम्मीने ते वर्षानुवर्षे केले. शेडच्या कोपऱ्यात कांडी मशीनपुढे बसायचे, भरलेली कांडी काढायची, रिकामी लावायची. तिच्या उजव्या हाताच्या बोटावर सुताने पडलेली बारीक खाच होती, कणीक मळताना तिला ती चुरचुरायची. या कामाला ठरलेला भाव नव्हता, हजेरी पत्रकात नाव नव्हते. त्यामुळे ते नाहीसे होते तेव्हा कुणाला कमी केल्याची नोंदही होत नाही. संप होत नाही, मोर्चा निघत नाही. बाई दुसऱ्या दिवसापासून घरी राहते किंवा धुणीभांडी धरते. कामगारांची मोजदाद करणाऱ्यांनी यंत्र येण्याआधी या बायका मोजायला हव्यात. नंतर मोजायला त्या सापडत नाहीत.

म्हणून नवा माग नको, असे मात्र मी म्हणणार नाही. धोट्याच्या मागात धोटा उडून माणसांचे डोळे गेलेले आहेत. लँकेशायरमध्ये नवी कांडी बसवल्यावर धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायची रीत होती. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे आणि क्षयासारखे रोग पसरण्याची धास्ती असे. ती रीत १९५२ साली बंद करावी लागली. अशा कामाला कुरवाळत बसण्यात अर्थ नाही.

शिवाय तंत्रज्ञान नेहमी पुढेच जाते, हाही एक भ्रम आहे. मुंबईच्या गिरण्यांतला संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार होते. संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही, गिरण्या मात्र एकामागून एक मिटत गेल्या. ते कापड मग कुणी विणले? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या साध्या यंत्रमागांनी. म्हणजे मोठ्या गिरणीच्या संघटित खात्यातून काम निघाले आणि त्याहून जुन्या, कमी अकलेच्या मागाकडे गेले. गिरण्यांनी भंगारात काढलेले मागही या गावांत येऊन पुन्हा चालू झाले. कारण सरळ होते. इथे मजुरी स्वस्त होती, पाळी बारा तासांची होती आणि हजेरी पत्रकाची कटकट नव्हती. माणूस स्वस्त असला की यंत्राला शहाणे करण्याची गरज कुणाला वाटत नाही. जपानी यंत्र हुशार आणि आपले मठ्ठ का, याचे अर्धे उत्तर अभियांत्रिकीत नाही, पगारपत्रकात आहे.

सरकारने १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणेसाठी निधी योजना आणली. कर्जाच्या व्याजात पाच टक्क्यांची परतफेड होती. तिचा फायदा ज्यांना तारण देता आले त्यांनी घेतला. परदेशांत वापरून झालेले बिनधोट्याचे मागही आपल्याकडे खूप आले. पण आमच्या गावातला खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा आठ-दहा मागांचा मालक, तो या रांगेत मागेच राहिला. एअरजेटला नुसता माग पुरत नाही. हवा दाबणारे कॉम्प्रेसर लागते, अखंड वीज लागते, सूत एकसारखे लागते, शेडमध्ये दमटपणा राखावा लागतो. हा मालक स्वतःच अर्धा कामगार असतो. रात्रपाळीला माणूस आला नाही तर तो आणि त्याचा मुलगा माग चालवतात. मोठे कारखानदार आणि विणकर यांच्यामध्ये तो चेपला जातो आणि त्याच्यासाठी कळवळून बोलणारेही कुणी नसते.

मुले मात्र शिकताहेत. आमच्या गावात १९८२ साली, म्हणजे मुंबईचा संप झाला त्याच वर्षी, डीकेटीई ही वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकीची संस्था सुरू झाली. आता जॉबरचा मुलगा पाना बाजूला ठेवून मागाच्या पडद्यावर आकडे पाहतो, बिघाडाचा क्रमांक वाचतो आणि मोबाइलवरून कंपनीच्या माणसाला विचारतो. त्याचे कपडे स्वच्छ असतात. त्याला ऐकू येते.

वहिफणीवाले मात्र अजून आहेत. नवा ताणा मागावर चढवण्याआधी त्यातला प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवावा लागतो. जुन्याच नमुन्याचे कापड पुन्हा विणायचे असेल तर संपलेल्या ताण्याला नवा ताणा यंत्राने जोडता येतो. ते गाठीचे यंत्र मिनिटाला काही शे गाठी मारते. पण कापडाचा नमुना बदलला की पुन्हा पहिल्यापासून ओवणे आले. तेही करणारे यंत्र युरोपात बनते, मिनिटाला शंभराहून अधिक धागे ओवते, पण त्याची किंमत छोट्या शेडला झेपणारी नाही. म्हणून दोन माणसे समोरासमोर बसतात. एक जण धागा निवडून पुढे करतो, दुसरा बारीक हूक घालून तो ओढून घेतो. कोणता धागा कोणत्या वहीत, हे त्यांच्या डोक्यात असते. एक झाला की दुसरा, असे २,८८० वेळा. दिवस एअरजेटचा असला तरी त्या मागावर चढणारा ताणा कित्येक ठिकाणी आधी या चार हातांतून जातो.